मुदत वाढेल या आशेवर बसलेल्या पनवेलकरांसाठी

मंडळी, आज २० डिसेंबर. गावात सगळीकडे महापालिकेच्या निवडणुकीची चर्चा आहे, कोणाला तिकीट, कोणाचा पत्ता कट. १५ जानेवारीला मतदान आहे, त्यावर लिहायला पुढे भरपूर दिवस आहेत. आज लिहितोय ते ३१ डिसेंबरबद्दल. थर्टी फर्स्टच्या पार्टीबद्दल नाही, इन्कम टॅक्स रिटर्नबद्दल.

गेल्या आठवडाभरात निदान सात-आठ जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "दादा, तुम्ही पत्रकार माणूस, तुम्हाला आतली खबर असेल. ३१ तारीख वाढणार ना?" मला आतली खबर काही नाही. पण हा प्रश्न विचारणारे लोक कोण आहेत ते बघा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हिशेब लिहिणारा एक जण, कामोठ्यातला एक क्लासवाला, आणि खारघरमध्ये इंटिरिअरचं काम करणारी आमच्या ओळखीतली एक मुलगी. यातलं कोणीही करबुडवं नाही. उलट यातल्या दोघांचे सरकारकडूनच पैसे यायचे आहेत.

त्या मुलीचंच घ्या. ती एका कंत्राटदाराकडे महिना ३८,००० रुपयांवर काम करते. पगार म्हणून नाही, 'प्रोफेशनल फी' म्हणून. त्यामुळे दर महिन्याला १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे ३,८०० रुपये. वर्षाचे झाले ४५,६००. आता कायद्यात छोट्या व्यावसायिकांसाठी सोय आहे की एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. तिची जमा ४,५६,०००, निम्मी म्हणजे २,२८,०००. गेल्या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत ३ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे कापलेले ४५,६०० रुपये पूर्ण तिचेच आहेत. फक्त रिटर्न भरून मागायचेत. आणि ती म्हणते, "घाई कशाला, गेल्या वर्षी पण वाढली होती ना तारीख!"

वाढली होती, खरं आहे. पण का वाढली होती ते कोणी सांगत नाही. जुलै २०२४ मध्ये इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर अचानक बदल झाला आणि काही करदात्यांना ८७ए ची सवलत मागताच येईना. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २० डिसेंबरला आदेश दिला आणि ३१ डिसेंबर २०२४ ची मुदत १५ जानेवारी २०२५ झाली. मागे ठोस कारण होतं, कोणीतरी भांडलं होतं. दरवर्षी दिवाळी येते तशी ती वाढ आली नव्हती.

तरी लोकांना मी दोष देणार नाही. ही सवय सरकारनेच लावली. यंदाचं बघा. मूळ तारीख ३१ जुलै. २७ मे रोजी जाहीर झालं की १५ सप्टेंबर, कारण फॉर्ममध्ये बदल होते आणि यंत्रणा तयार नव्हती. हे निदान वेळेवर सांगितलं, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे पोर्टल अडखळायला लागलं, सीए लोक आणखी मुदत मागू लागले, ३० सप्टेंबर झाल्याची खोटी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली आणि खात्याला ती खोटी असल्याचा खुलासा करावा लागला. लोकांनी खुलाशावर विश्वास ठेवून धावपळ केली. आणि मग १५ सप्टेंबरच्या रात्री, बारा वाजायला काही मिनिटं उरली असताना, जाहीर झालं की एक दिवस वाढवला. एक दिवस! त्यातही रात्री १२ ते अडीच पोर्टल देखभालीसाठी बंद. तोपर्यंत ७.३ कोटींहून जास्त रिटर्न भरून झाले होते. पावणेबाराला मिळालेली मुदतवाढ नेमकी कोणाच्या उपयोगाची? जो झोपला तो झोपला, आणि जागून ज्याने भरलं त्याने शिव्या घातल्या.

ऑडिटवाल्यांचं तर विचारूच नका. ३० सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबर झालं, तेही राजस्थान आणि कर्नाटकच्या उच्च न्यायालयांनी कान टोचल्यावर. मग १० नोव्हेंबर झालं. रिटर्नची तारीख १० डिसेंबरवर गेली. माणसाने यातून शिकायचं काय? हेच, की सरकारची तारीख ही तारीख नसते.

आपल्या पनवेलमध्ये तर हा धडा आणखी पक्का झालाय. महापालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली, मालमत्ता कराची बिलं मागच्या तारखेपासून आली. सिडको सेवाशुल्क घेतेय आणि पालिका कर मागतेय, मग दोनदा का भरायचं, म्हणून खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलमध्ये लोक पेटले. तो विरोध रास्त होता असंच माझं मत आहे, पण तो वेगळा विषय. मुद्दा असा, की महिना २ टक्क्यांनी शास्ती चढत गेली आणि यंदा जुलैत अभय योजना आली, पहिल्या टप्प्यात शास्तीत ९० टक्के सूट. ज्याने घाबरून मधेच शास्तीसकट भरलं तो बसला कपाळ बडवत. थांबला त्याचं वाचलं. (आता निवडणुकीला उभं राहायचं म्हणून थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी कोण कोण धावतंय, ती यादी मजेशीर निघेल. असो.)

पण घरपट्टीचा हिशेब इन्कम टॅक्सला लावू नका, हेच सांगायला ही पोस्ट. घरपट्टीत पैसे तुम्ही द्यायचे असतात. रिफंडच्या बाबतीत पैसे सरकारच्या खिशात आहेत. वाट बघण्यात फायदा कोणाचा, सांगा.

१६ सप्टेंबर चुकलेल्यांना ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर लेट फी जास्तीत जास्त १,०००, वर असेल तर ५,०००. कर बाकी असेल तर महिन्याला १ टक्का व्याज. जुनी करपद्धत आता निवडता येत नाही आणि शेअर बाजारातला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. ही शिक्षा आधीच झालेली आहे, ती मुकाट सोसायची. ३१ डिसेंबर गेला की मात्र खरा प्रश्न येतो. पुढे 'अपडेटेड रिटर्न' चार वर्षं भरता येतं, पण जादा कर देऊन, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत. आणि त्यातून रिफंड मागता येत नाही. म्हणजे त्या मुलीचे ४५,६०० अडकले.

मग अडचण असलेल्या एकट्या माणसाने मुदत मागायची कुठे? खरं उत्तर: कुठेच नाही. आपल्याकडे मुदतवाढ मिळते ती सगळ्यांना एकदम, दिल्लीतून. अमेरिकेत आपल्या मराठी मुलांना विचारा. १५ एप्रिलच्या आत एक साधा फॉर्म भरला की रिटर्नला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, कारण सांगावं लागत नाही. कर मात्र अंदाजाने एप्रिलमध्येच भरायचा, त्याला माफी नाही. आपल्या १९६१ च्या कायद्यातही अधिकाऱ्याकडे अर्ज करून मुदत मागायची सोय होती. ती १९८९ पासून गेली. आता उरलं ते विलंबमाफीचं कलम. रिफंडसाठी पाच वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, पण खरोखरची अडचण होती हे पुराव्यानिशी पटवावं लागतं आणि उशिरा मिळालेल्या रिफंडवर व्याज नाही. कोणी इस्पितळात होतं, घरात मयत झाली, अशांनी ते जरूर करावं. "वाढेल असं वाटलं" हे कारण तिथे चालणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही माणसाची सोय परत आणा. आजारी आईला घेऊन केमोच्या फेऱ्या मारणाऱ्याला ३० दिवस द्या, हवं तर ५०० रुपये घ्या. आणि सगळ्यांसाठीची वाढ द्यायची तर १५ दिवस आधी सांगा, नाहीतर देऊच नका. फॉर्म किंवा पोर्टल उशिरा आलं तर तेवढेच दिवस तारीख आपोआप पुढे जाईल, असं कायद्यातच लिहा. म्हणजे दरवर्षी कोर्टाच्या पायऱ्या नकोत आणि मला "आतली खबर काय" हे फोन नकोत.

अजून एक गैरसमज फिरतोय, १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही तर रिटर्न कशाला? १२ लाखांची सवलत एप्रिल २०२५ पासूनच्या उत्पन्नाला आहे. आत्ता भरायचंय ते मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं. आणि कर शून्य झाला तरी रिटर्न भरावं लागू शकतं, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. आधी भरलेल्या रिटर्नमध्ये चूक असेल तर दुरुस्तीची शेवटची तारीखही ३१ डिसेंबरच.

तुमच्या सीएच्या टेबलावर या महिन्यात जीएसटीच्या वार्षिक रिटर्नचाही ढीग आहे, त्याची तारीखही तीच. तेव्हा ३० तारखेला फाईल घेऊन गेलात आणि त्याने जास्त पैसे सांगितले तर त्याला नावं ठेवू नका. सोमवारी जा. पॅन, बँक पासबुक आणि फॉर्म २६एएस घेऊन जा. रिटर्न अपलोड झाल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर व्हेरिफाय केलं तीच भरल्याची तारीख धरतात आणि ती ३१ डिसेंबरच्या पुढे गेली की सगळं मुसळ केरात. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. तो नंबर बंद पडला असेल तर आत्ताच आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या, किंवा नेटबँकिंगने व्हेरिफाय करा.