विश्लेषण : आज रात्री रत्नागिरीला निघायचे असेल तर? वंदे भारत, रो-रो, चौपदरी रस्ता असूनही भरवसा एसटीचाच!

मुंबईहून रत्नागिरी साधारण 340 किलोमीटर. या शहराला रेल्वे आहे, राष्ट्रीय महामार्ग आहे, समुद्र आहे आणि धावपट्टीसुद्धा आहे. गेल्या काही वर्षांत वंदे भारत आली, बोगदे झाले, वेगवान बोटीची घोषणा झाली. कागदावर पाहिले तर कोकणातल्या या बंदराच्या शहराला जायला आज जितके पर्याय आहेत तितके कधीच नव्हते.

पण यातले बहुतेक पर्याय दोन महिने आधी ठरवून निघणाऱ्या प्रवाशासाठी आहेत. भांडुप, नालासोपारा, डोंबिवली, लालबाग इथल्या चाकरमान्याला मात्र ठरवून निघता येते ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. एरवी संध्याकाळी गावाहून फोन येतो. आई पडली, वडिलांना सिव्हिलमध्ये नेले, काकांचे झाले, सकाळपर्यंत ये. अशा वेळी त्याला किती तासांत पोहोचतो यापेक्षा मुळात जागा मिळते का, याची चिंता असते. रत्नागिरीचे सगळे पर्याय या एका कसोटीवर तपासून पाहायला हवेत.

रेल्वेत आज रात्री जागा मिळते का?

रात्री मुंबईहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या मुख्य गाड्या तीन. सीएसएमटीहून रात्री दहाच्या सुमारास मंगळूर एक्स्प्रेस, 11 वाजून 5 मिनिटांनी कोकणकन्या आणि दादरहून 12 वाजून 5 मिनिटांनी तुतारी. पावसाळा सोडला तर कोकणकन्या पहाटे पाचच्या सुमारास रत्नागिरीत पोहोचते. वेळ उत्तम. अडचण तिकिटाची आहे.

आरक्षण 60 दिवस आधी उघडते. नोव्हेंबर 2024 पूर्वी ही मुदत 120 दिवस होती. हंगामातल्या तारखा काही मिनिटांत भरतात हे कोकणवासीयांना नवे नाही. मग ‘तत्काळ’ आहे की, असे कोणी म्हणेल. पण तत्काळचे आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित डब्यांचे सकाळी 10 वाजता आणि स्लीपरचे 11 वाजता. संध्याकाळी सात वाजता फोन आलेल्या माणसासाठी आज रात्रीच्या गाडीचे तत्काळ कालच संपलेले असते. नाव ‘तत्काळ’, पण लागते ते पूर्वनियोजन. यादी तयार झाल्यावर उरलेल्या जागा ‘करंट बुकिंग’मध्ये मिळतात, तोही नशिबाचा भाग. ऑनलाइन काढलेले तिकीट वेटिंगवर राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर डब्यात चढता येत नाही.

मग उरतो जनरल डबा. कोकणकन्या आणि तुतारीला असे डबे मोजकेच आहेत. गाडी लागायच्या आधी तास-दोन तास फलाटावर उभे राहिलेल्यांनाच तिथे बसायला मिळते.

मग वंदे भारतचे काय?

सीएसएमटी-मडगाव वंदे भारत 27 जून 2023 रोजी सुरू झाली. पहाटे सुटून ती सुमारे पाच तासांत रत्नागिरीला पोहोचवते. गाडी चांगली आहे, भरूनही जाते, तिच्यावर टीका करण्याचे कारण नाही. पण तिला जनरल डबा नाही. तेजसला नाही आणि जनशताब्दीलाही नाही. सकाळी मुंबई सोडणाऱ्या वेगवान गाड्यांचा हा सगळा गट फक्त आरक्षणवाल्यांचा आहे. पावसाळ्यात वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते, आणि मडगावपर्यंतच्या ज्या प्रवासाला एरवी पावणेआठ तास लागतात त्याला दहा तासांच्या आसपास लागतात.

याच्या अगदी उलट गाडी म्हणजे रत्नागिरी पॅसेंजर. स्वस्त, विनाआरक्षित, लहान-लहान स्थानकांवर थांबणारी. कोविडपूर्वी ती दादरहून सुटायची. कोविडनंतर ती दिव्याहून सुटू लागली आणि प्रवासी संघटनांनी वारंवार मागणी करूनही दादरला परतली नाही. म्हणजे परळच्या म्हाताऱ्या जोडप्याने पिशव्या घेऊन आधी लोकलने दिवा गाठायचे, जिने चढायचे-उतरायचे आणि मग कोकणची गाडी पकडायची. वंदे भारतच्या झेंड्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. ही पॅसेंजर दिव्याला ढकलली गेल्याची दखल मात्र प्रवासी संघटनांच्या निवेदनांपुरतीच राहिली.

गाड्या वाढवत का नाहीत?

याचे उत्तर रुळांत आहे. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर, सुमारे 740 किलोमीटर. डोंगर आणि नद्या पाहता तेव्हा एकेरी मार्ग बांधणे हेच मोठे काम होते. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तर शहराजवळच्या पानवल नदीवरचा पूल तब्बल 64 मीटर उंच.

एकेरी मार्गाचे गणित सोपे आहे. दोन स्थानकांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून गाडी येत असेल तर एकीला स्थानकाच्या बाजूच्या रुळावर थांबावेच लागते. अशा मार्गावर वेगवान गाडी वाढवली की ती एकट्या स्वतःची जागा घेत नाही, तिला वाट देण्यासाठी आणखी दोन-तीन गाड्या ठिकठिकाणी उभ्या राहतात. उभी कोण राहते? अर्थातच पॅसेंजर आणि मालगाडी. ‘क्रॉसिंगला गाडी थांबली आहे’ हे वाक्य कोकणच्या प्रवाशाला पाठ असते ते यामुळेच.

2021 मध्ये रोहा ते वीर हा सुमारे 46 किलोमीटरचा भाग दुहेरी झाला. कडवई, कळंबणी बुद्रुक यांसारखी नवी क्रॉसिंग स्थानके झाली आणि 2022 मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. पण वीरच्या पुढे रत्नागिरीपर्यंतचा दीडशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग एकेरीच आहे. तो दुहेरी करायला लागणारा पैसा कोकण रेल्वे महामंडळ स्वतःच्या उत्पन्नातून उभा करू शकत नाही. महामंडळ स्थापन झाले तेव्हा त्यात केंद्राचा वाटा 51 टक्के आणि महाराष्ट्राचा 22 टक्के होता, बाकी कर्नाटक, गोवा आणि केरळचा. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला महाराष्ट्राने 2025 मध्ये संमती दिली त्यामागे हेच कारण होते, की रेल्वे अर्थसंकल्पातून निधी मिळावा. विलीनीकरणावर भावनिक चर्चा पुष्कळ झाली. पण वीर-रत्नागिरी दुहेरीकरण कधी, याची तारीख मागितली जात नाही तोवर त्या चर्चेचा प्रवाशाला उपयोग नाही.

पावसाळी वेळापत्रकाबद्दल मात्र तक्रार करू नये. 2003 मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघातात 50 हून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. जोरदार पावसात वेग कमी ठेवणे ही त्या अपघातांनंतरची शिस्त आहे. तास-दीड तास उशीर झाला तरी चालेल.

रस्त्याने किती तास लागतात?

गुगल मॅप्स सात-आठ तास दाखवतो. नेहमी जाणारे त्यात दोन तास स्वतःहून मिळवतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचा पहिला टप्पा, पळस्पे ते इंदापूर, 2011 मध्ये सुरू झाला. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आता पदवीच्या वर्गात आहेत. या काळात 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या गाड्यांसह वाहून गेला आणि त्याच्या जागी नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. म्हणजे मनावर घेतले तर काम होते. कशेडीच्या बोगद्यांमुळे घाटाचा त्रास संपला, हेही मान्य करायला हवे. पण अडचण शेवटच्या तुकड्यांची आहे. माणगाव आणि इंदापूरचे बाह्यवळण, आरवली ते वाकेड पट्टा हे वर्षानुवर्षे रखडलेले भाग. दोनशे किलोमीटर रस्ता गुळगुळीत असला तरी प्रवासाचा वेळ उरलेल्या वीस किलोमीटरवरच्या कोंडीत ठरतो.

2025 च्या गणपतीत गाडी रेल्वेवर चढवून नेण्याची सेवा आली, कोलाड ते वेर्णा, एका कारला 7,875 रुपये. कल्पना चांगली, पण मुंबईहून कोलाडपर्यंत, म्हणजे नेमक्या रखडलेल्या पहिल्या टप्प्यातून, गाडी स्वतःच चालवत न्यायची!

कोल्हापूर-सांगलीकडच्यांची स्थिती त्यामानाने बरी आहे. आंबा घाटातून रत्नागिरी सुमारे 130 किलोमीटर. पुणेकर ताम्हिणी, कुंभार्ली किंवा थेट कोल्हापूरमार्गे येतात आणि प्रत्येकाचा आपलाच रस्ता जवळचा असल्याचा दावा असतो. घाटावरून कोकणात उतरणारा रेल्वेमार्ग मात्र अजून नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग मंजूर होऊन बरीच वर्षे झाली.

बोट रत्नागिरीला येणार का?

एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या ‘रोहिणी’, ‘कोकणसेवक’, ‘कोकणशक्ती’ या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड करत रत्नागिरीला यायच्या. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि प्रवासी पडावातून किनाऱ्याला लागायचे. पावसाळ्यात ती सेवा बंद असे. रस्ते सुधारले आणि ते पर्व संपले.

आता रो-रो. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबई ते जयगड आणि विजयदुर्ग अशा सेवेची घोषणा झाली. जयगडला तीन तास, विजयदुर्गला पाच. जाहीर झालेले सर्वांत कमी भाडे अडीच हजार रुपये आणि कारसाठी सहा हजार. मुहूर्त 1 सप्टेंबरचा सांगितला गेला. त्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, म्हणजे ज्या गर्दीसाठी बोट हवी ती गर्दी तोवर गावी पोहोचून आरती म्हणत होती. शिवाय जयगड म्हणजे रत्नागिरी शहर नव्हे. तिथून शहर सुमारे 45 किलोमीटरवर आहे. ज्यांची स्वतःची गाडी बोटीत आहे त्यांना फरक पडत नाही. हातात पिशवी घेऊन उतरणाऱ्याला पडतो. पर्यटकांसाठी ही सेवा जरूर व्हावी, पण कोकणच्या वाहतुकीवरचे उत्तर म्हणून ती पुढे करणे ही दिशाभूल ठरेल.

विमानाचा विषय थोडक्यात. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाची आहे. प्रवासी टर्मिनलची घोषणा आणि बांधकाम झाले तरी नियमित विमानाची प्रतीक्षाच आहे.

शेवटी रात्री कोण नेते?

एसटी. मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली, ठाणे, यांपैकी कुठून ना कुठून रात्रीची गाडी असते. ती पनवेलला आणखी प्रवासी घेते आणि जागा नसली तर निदान उभे राहायला मिळते. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतरही साध्या गाडीचे भाडे सहाशे रुपयांच्या आसपासच राहते. नऊ-दहा तास लागतात, कंबर दुखते, पण गाडी थेट शहरात सोडते. खासगी आराम बसही आहेत. मात्र एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये हा 2018 चा सरकारी नियम हंगामात किती पाळला जातो, हे ॲपवर दर पाहिलेल्या कोणालाही विचारावे.

‘थेट शहरात’ हा मुद्दा लहान वाटतो, पण तो नाही. रत्नागिरी रेल्वे स्थानक कुवारबावला, शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. पहाटे पाचला कोकणकन्येतून उतरलेल्या माणसाला तीनशेहून जास्त किलोमीटरच्या रेल्वे तिकिटाइतकेच पैसे कधी कधी या शेवटच्या टप्प्यावर मोजावे लागतात.

म्हणून प्राधान्यक्रम उलटा करायला हवा. रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरहून सोडा. कोकणकन्या आणि तुतारीला जनरल डबे वाढवा. रात्रीच्या तीनही गाड्यांना जोडून कुवारबाव ते एसटी स्टँड आणि सिव्हिल हॉस्पिटल अशी बस पहाटे उभी ठेवा, आणि गाडी उशिरा आली तर बसही थांबू द्या. यातल्या एकाही कामासाठी डोंगर फोडावा लागत नाही, बोट विकत घ्यावी लागत नाही. डबे आणि दादरचा फलाट रेल्वेच्या हातात आहे, बस एसटीच्या. दुहेरी मार्ग होईल तेव्हा होईल. ही तीन कामे मात्र पुढच्या वेळापत्रकात बसवता येतील.