पडद्याची संहिता कोणी लिहायची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीचा नियमित सांभाळ थांबवला. यंत्रे मोडलेली नाहीत, त्यांवरचे काम अडलेले नाही. तरीही नव्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीत एवढ्याच कारणाने जगभरची कोट्यवधी यंत्रे एका कंपनीच्या निर्णयाने जुनी ठरली. कऱ्हाडला खेटून महामार्गावर वाढलेल्या मलकापुरात ही केवळ परदेशी बातमी नाही. शाळेचे मुख्याध्यापक, पतसंस्थेचे संचालक, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक अशा प्रत्येकापुढे हा खर्च येऊन उभा राहतो. यंत्र फेकायचे, की प्रणाली बदलायची?

पुरोगामी वर्तुळातून याला तत्काळ उत्तर दिले जाते: मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारा. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे आहे. आणि हे अर्धे उत्तर पूर्ण मानून स्वस्थ बसण्याची सवय चळवळीला घातक ठरणार आहे. परवाना मुक्त झाला म्हणजे माणूस मुक्त झाला, ही समजूत जमीन कसणाऱ्याच्या नावावर लागली म्हणजे शोषण संपले या समजुतीइतकीच भाबडी आहे. बी, पाणी आणि बाजार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न सात-बाऱ्यानंतरही उरतोच.

मलकापूरला हे वेगळे सांगायला नको. मीटर लावून चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून त्याचे नाव राज्यभर झाले. त्या योजनेत नळ जितका महत्त्वाचा होता तितकीच दराची पायरीही होती: जो अधिक वापरील त्याला अधिक दर. ही पायरी नागरिकाला वाचता येते आणि तिच्यावर सभेत भांडता येते. नळाचे नियम चव्हाट्यावर असतात. पडद्याचे नियम मात्र कोणी, कुठे, कोणासाठी लिहिले याची चौकशी आजवर एकाही मोर्चाने केलेली नाही.

हे नियम अस्तित्वात आहेत आणि ते लेखी आहेत. बटणावर काय लिहावे, चूक झाल्यास कोणत्या शब्दांत सांगावे, धोक्याची सूचना कधी द्यावी, मेनूत कोणता शब्द आधी यावा याची संहिता ॲपल कंपनीने १९८७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात अशी शिस्त उशिरा आली. १९९६ साली केडीई आणि १९९७ साली ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पांची सुरुवात झाली, तेव्हा प्रत्येक कार्यक्रमाचा पडदा वेगळा आणि प्रत्येकाची बोली वेगळी होती. २००१ साली सन मायक्रोसिस्टिम्सने मोजक्या वापरकर्त्यांना ग्नोमपुढे बसवून त्यांच्या अडचणी टिपल्या. २००२ साली ग्नोमची मार्गदर्शक तत्त्वे आली. ‘होय-नाही’ऐवजी बटणावर प्रत्यक्ष कृतीचे क्रियापद लिहा, तांत्रिक परिभाषा टाळा, भाषांतरात शब्द लांबतात म्हणून जागा मोकळी ठेवा, अशी त्यांची शिकवण होती. या कामाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. एकसारखेपणा ही श्रम वाचवणारी गोष्ट आहे. एकदा शिकलेले दुसरीकडे उपयोगी पडते.

प्रश्न आहे तो या संहितेतल्या ‘वापरकर्त्या’चा. हा कोण? त्याची भाषा कोणती, त्याचा कामाचा दिवस कसा, त्याच्या चुकीची शिक्षा त्याला कोण देतो? संहिता लिहिणारे बहुतेक प्रोग्रामर, काही कंपन्यांचे पगारी आरेखक. त्यांनी सद्भावनेने कल्पिलेला वापरकर्ता त्यांच्यासारखाच निघाला, यात नवल नाही. कष्टकऱ्यांच्या वतीने कोणीतरी कल्पना करायची आणि कष्टकऱ्यांनी त्या कल्पनेत स्वतःला बसवून घ्यायचे, ही नोकरशाहीची जुनी रीत आहे. परवाना मुक्त असला तरी ती रीत मुक्त होत नाही.

मराठी पडद्याकडे पाहिले तर हे उघड दिसते. ‘कऱ्हाड’ या नावातला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या प्रकारांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोधणारा कार्यक्रम ते एकच मानील अशी व्यवस्था केलेली नसेल, तर एका प्रकाराने नोंदवलेले गाव दुसऱ्या प्रकाराने शोधणाऱ्याला सापडत नाही. नोंद असते, पण पडदा सांगतो की नाही. आणि दाराशी उभा असलेला शेतकरी हेलपाटा मारून परत जातो. दोष कोणावर येतो? टंकणाऱ्यावर. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ साली ठरला, पण टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांचा कळफलक वेगळा आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या तरुणांचा आणखी वेगळा. मेनूची कळ दाबण्यासाठी मराठी शब्दापुढे कंसात रोमन अक्षर जोडण्याची रीत पडली, कारण मूळ रचना रोमन लिपी गृहीत धरून झाली होती. मराठी ही तेथे नंतर आलेली पाहुणी.

शब्दांचेही तसेच. एकीकडे इंग्रजीचे ओझे, दुसरीकडे कार्यालयात कोणीही न बोलणारी संस्कृतप्रचुर परिभाषा. ज्या माणसाने आयुष्यभर आवक-जावक, फेरफार, नमुना ८ या शब्दांत काम केले, त्याला ‘अवैध निविष्टी’ असे बजावणारा पडदा म्हणजे दरडावणारा साहेबच. नित्य वापराचे शब्द भाषकांना एकत्र बसवून ठरवण्याचा फ्यूएल प्रकल्पाचा प्रयत्न म्हणूनच स्वागतार्ह होता. पण त्या बैठकांत भाषांतरकार बसले. परिचालक बसायचे राहिले.

यात चळवळीचाही दोष आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी संगणकीकरणाचा करार केला. यंत्रे किती यावीत, नोकऱ्या किती राहाव्यात यावर त्या लढ्यांचा भर होता, आणि तो रास्तच होता. यंत्र आल्यावर त्याचा पडदा कसा असावा, कामगाराचे कसब त्यात जपले जाते की मारले जाते, हा प्रश्न मात्र वाटाघाटीच्या टेबलावर तेवढ्या जोराने आला नाही. संख्येवर भांडण झाले. यंत्राचा स्वभाव मालकाने ठरवला.

दुसरा मार्ग होता आणि तो चालून दाखवला गेला आहे. नॉर्वेतील लोखंड व धातू कामगार संघटनेने १९७० च्या सुमारास संगणकतज्ज्ञ क्रिस्टन नीगार्ड यांना सोबत घेऊन नव्या यंत्रणांचा अभ्यास कामगारांकडूनच करवला. १९७५ साली तेथील कामगार महासंघ व मालकसंघ यांच्यात तंत्रज्ञानाविषयी करार झाला. १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियातील छापखाना कामगारांनी ‘युटोपिया’ प्रकल्पात पुठ्ठ्याची आणि लाकडाची खोटी यंत्रे मांडून आपल्या कामाचा पडदा स्वतः आखला. पुठ्ठ्याला प्रोग्रामरची भाषा यावी लागत नाही. म्हणून तेथे कामगार आणि तज्ज्ञ एका पातळीवर आले. जवळचे उदाहरण केरळचे. तेथील शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या त्यामागे शिक्षक संघटनांचा आग्रह होता आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जोड होती. महाराष्ट्रात मात्र संगणक-साक्षरतेच्या नावाने पिढीच्या पिढी प्रामुख्याने एकाच कंपनीच्या पडद्यावर घडवली गेली, आणि आज तीच सवय ‘लोकांना दुसरे जमत नाही’ याचा पुरावा म्हणून पुढे केली जाते.

तीन आक्षेप येतील. पहिला, ही तज्ज्ञांची बाब आहे. डोळ्याला काय लवकर दिसते हे तज्ज्ञाने जरूर सांगावे. पण घरपट्टीच्या पावतीवर आधी काय हवे हे पावती फाडणाऱ्याहून अधिक कोण जाणतो? दुसरा, मुक्त सॉफ्टवेअर स्वयंसेवकांचे असते, त्यांच्याकडे मागणी कशी करायची? येथे मागणी स्वयंसेवकांकडे नाही, सार्वजनिक पैशाकडे आहे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. त्या धोरणात जनतेचा पैसा आहे, म्हणून जनतेचा शब्दही असला पाहिजे. तिसरा, प्रत्येकाचे ऐकत बसले तर गोंधळ माजेल. २०११ साली ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि सरावातली मांडणी एका फटक्यात बदलली. तेव्हा न ऐकल्याचा गोंधळ किती मोठा असतो ते दिसले. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुनी मांडणी जिवंत ठेवण्यासाठी ‘माटे’ हा स्वतंत्र प्रकल्प उभा केला. फुटून निघण्याचा तो हक्क ही मुक्त परवान्याची खरी देणगी. पण रोज फुटून निघण्यापेक्षा संहितेतच आवाज असणे श्रेयस्कर.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक कार्यालयांत येणाऱ्या प्रत्येक प्रणालीची पडद्याची संहिता मराठीत प्रसिद्ध व्हावी आणि स्वीकारण्यापूर्वी परिचालकांच्या सभेपुढे यावी. कार्यालयाचे रूढ शब्द तिच्यात असावेत. तिन्ही सवयींचे कळफलक चालावेत. वीज गेली तरी अर्धी नोंद शिल्लक राहावी. चूक मागे घेता यावी, आणि चुकीच्या सूचनेत माणसावर ठपका नव्हे तर पुढचा मार्ग असावा. जुन्या यंत्रावर चालणे ही अट असावी. मांडणी बदलायची तर आधी कळवावे आणि शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत द्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परवान्यांवरचा वाचलेला पैसा तिजोरीत मुरू नये. २०११ च्या संग्राम प्रकल्पापासून कंत्राटावर राबणारे ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक किमान वेतनासाठी आणि कर्मचारी म्हणून मान्यतेसाठी आझाद मैदानापर्यंत गेले. त्या पैशावर पहिला हक्क त्यांचा आहे. ज्याच्या नोकरीची शाश्वती नाही, तो पडद्याच्या दोषाविरुद्ध तोंड उघडू शकत नाही. म्हणून वेतनाची आणि पडद्याची लढाई एकच आहे.

काम मलकापुरातून सुरू होऊ शकते. कार्यकर्त्यांनी परिचालकाशेजारी एक दिवस बसावे, तो कुठे अडतो, कुठे थांबतो, कुठे चिठ्ठीवर खूण लिहून पडद्याला चिकटवतो, ते टिपावे. ती चिठ्ठी हीच संहितेची पहिली कलमे. १९६० पासून कऱ्हाडात उभ्या असलेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ती कलमे प्रकल्पांच्या भाषेत मांडून पाठवावीत. मुक्त प्रकल्पांचे दार त्यासाठी उघडे आहे. पुठ्ठा आणि पेन्सिल एवढे भांडवल त्याला पुरे.

१९४२ नंतर याच साताऱ्याच्या मातीत लोकांनी परक्या सरकारची कचेरी बाजूला सारून आपले न्यायनिवाडे आपण केले. तेव्हा कोणी त्यांना विचारले नव्हते की तुम्ही कायद्याचे तज्ज्ञ आहात काय. आजची कचेरी पडद्यात आहे. तिचे नियम लिहिण्याचा अधिकार मागून मिळणार नाही. लिहायला बसावे लागेल.