परवाना एक, मुलूख सारा

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचे नाव घेतले की साखर कारखान्यांची यंत्रे, बॉयलर आणि प्रचंड दातेरी चक्रे डोळ्यांपुढे येतात. नीरेच्या डाव्या कालव्याच्या प्रदेशात वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात वसविलेल्या या उद्योगनगरीतून अवजड माल देशातील अनेक राज्यांत गेला आहे. असा माल घेऊन निघालेला एखादा ट्रेलर, समजा, कर्नाटकातील घाटात कलंडला, तर नुकसानीचे मोजमाप कोणी करावयाचे? विमा कंपनी त्यासाठी ज्या गृहस्थास पाठविते, त्यास आपण सर्व्हेअर म्हणतो. कायद्याच्या भाषेत तो सर्वेक्षक व नुकसान-निर्धारक. पुण्याच्या सर्व्हेअरने कर्नाटकात जाऊन पाहणी करण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. त्याचा परवाना साऱ्या देशाचा आहे.

ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे मोल आपणांस जाणवत नाही. ते पाहावयाचे तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे विम्याचे नियमन राज्यांच्या हाती असून १९४५ च्या मॅक्‌कॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते त्यांच्याच हाती राहिले. त्यामुळे नुकसान ठरविणाऱ्या ‘अ‍ॅडजस्टर’ने राज्याची सीमा ओलांडली की नवा परवाना आला, नवे शुल्क आले, नूतनीकरणाच्या नव्या तारखा आल्या. पुष्कळ राज्ये एकमेकांचे परवाने मानून पुन्हा परीक्षा घेत नाहीत. काही मात्र घेतात. काही राज्यांत परवान्याची पद्धतच नाही. तेथील रहिवाशाने मग टेक्सास किंवा फ्लोरिडा यांसारखे एखादे राज्य आपले ‘गृहराज्य’ म्हणून दत्तक घ्यावयाचे आणि त्या बळावर इतर राज्यांची दारे ठोठवावयाची! वादळ कोणत्या किनाऱ्यावर आदळेल हे आधी कोणास ठाऊक असते? म्हणून वादळामागून हिंडणारा हा मनुष्य अनेक राज्यांचे परवाने जवळ बाळगून असतो. प्रत्येक राज्याचा विमा-कायदा निराळा, तेव्हा त्याची परीक्षाही निराळी, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. आमची स्वतःची बरीच वर्षे परीक्षा घेण्यात गेली. परंतु प्रश्नपत्रिकांची संख्या वाढविल्याने विद्यार्थी शहाणा होतो, असा अनुभव मात्र कधी आला नाही.

आपल्याकडे १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ मध्ये दुरुस्ती होऊन सर्व्हेअरला परवाना आवश्यक झाला, आणि वीस हजार रुपये वा त्याहून मोठा दावा परवानाधारकाच्या अहवालाशिवाय निकालात काढू नये असे ठरले. ही मर्यादा पुढे वाढली. तत्त्व कायम राहिले. आज परवाना मिळतो तो हैदराबादच्या विमा नियामक प्राधिकरणाकडून. त्यासाठी शिक्षणाची अट आहे, भारतीय विमा संस्थेची परीक्षा आहे आणि जाणत्या सर्व्हेअरच्या हाताखाली बारा महिन्यांची उमेदवारी आहे. भिंती आहेत त्या विषयांच्या : आग, अभियांत्रिकी, मोटार, सागरी माल, पीक इत्यादी. गंमत अशी की, ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही अशा ट्रेलरवरील मालाचा विमाही ‘सागरी’ सदरातच मोडतो. १९१९ मध्ये सिंदिया कंपनी काढून परकीय जहाज-कंपन्यांशी झुंजणाऱ्या वालचंदांना हे ऐकून खचितच मौज वाटली असती.

विषयवार भिंती आम्हांस रास्त वाटतात. चक्राला गेलेली तडा घाटातील आपटीची की ओतकामातील दोषाची, हे ओळखण्यास यंत्राची जाण हवी. मुक्काम कोणत्या राज्यात, याने काही बिघडत नाही. या निदानावर दावा मंजूर होणार की फेटाळला जाणार हे ठरते. शिवाय सर्व्हेअरला मालमत्तेचे खरे मोलही ठरवावे लागते. एक कोटीच्या यंत्राचा विमा साठ लाखांचाच उतरविलेला असेल आणि दहा लाखांचे नुकसान झाले, तर अग्निविम्यात सामान्यतः हाती सहा लाखच पडतात. मोल फुगवून धरले की भरपाई आक्रसते. एवढी सत्ता एका माणसाच्या लेखणीत आहे.

आणि त्या माणसाची नेमणूक कोण करतो? विमा कंपनी. त्याचे शुल्क कोण देतो? तीच. पुढचे काम कोणाकडून मिळावयाचे? तिच्याचकडून. सचोटीने काम करणारे सर्व्हेअर पुष्कळ आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु व्यवस्थाच अशी असावी की सचोटीसाठी कोणास उपाशी राहावे लागू नये. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दोन निकालांत या प्रश्नाला हात घातला. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा खरा, पण तो अखेरचा शब्द नव्हे, असे एकात म्हटले. आणि मनाजोगता अहवाल मिळेपर्यंत कंपनीने एकामागून एक सर्व्हेअर नेमीत राहू नये, असे दुसऱ्यात बजावले. न्यायालयाची पायरी चढण्याची ऐपत असलेल्यास हा दिलासा ठीक आहे. इतरांसाठी नेमणुकीचीच पद्धत बदलली पाहिजे. परवाना जर साऱ्या देशाचा आहे, तर मोठ्या दाव्यांत परवानाधारकांच्या विषयवार यादीतून पाळीपाळीने नाव निघावे. कंपनीच्या दावे-विभागाने ते निवडू नये. पुण्याच्या दाव्यास नागपूरचा वा हुबळीचा मनुष्य आल्यास प्रवासखर्च थोडा वाढेल. तो सोसावा.

कारखान्याच्या कुंपणापलीकडेही हा प्रश्न आहेच. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीने वा शेतात पाणी साचून झालेले नुकसान ७२ तासांच्या आत कळवावे लागते; मग पाहणीसाठी माणूस येतो. त्यास पिकाची जाण किती, याची चिंता शेतकऱ्यास असते. परवान्यात पिकाची स्वतंत्र शाखा आहे. बारामती-इंदापूरकडील शेतकी पदवीधर नोकरीच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसले आहेत, आणि वालचंदनगरच्या यंत्रशाळेत उमेदीची वर्षे घालविलेले अभियंते निवृत्तीनंतर घरी बसतात. या दोघांनीही हा परवाना काढावा. एकाला पीक कळते, दुसऱ्याला चक्र.