मासा ‘हरवत’ नसतो, राव!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय मासे. (खायचे नाही, पाळायचे!)

खामगावातल्या माझ्या एका दोस्ताकडे दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मुंबईचा समुद्र तिथून जवळजवळ पाचशे किलोमीटर, पण हौसेला मोल नाही. चार महिन्यांत त्याचे तीन मासे ‘हरवले’. हा त्याचा शब्द. आणि लगेच पुढचं वाक्य, "जाऊ दे ना बे, दुसरा आणू!"

माझं भांडण या दोन वाक्यांशी आहे.

चारी बाजूंनी काच असलेल्या डब्यातून मासा हरवतो म्हणजे काय? झाकण उघडं असेल तर तो उडी मारून टाकीमागे वाळत पडलेला असतो. फिल्टरच्या कप्प्यात अडकलेला असतो. काही जाती वाळूत शिरून झोपतात, त्या सकाळी वर येतात. नाहीतर तो दगडाच्या फटीत मेलेला असतो, आणि शंखातले खेकडे आणि किडे एका रात्रीत पुरावा साफ करतात. म्हणजे शोधायचं, पाण्यातला अमोनिया तपासायचा, कारण सापडेपर्यंत नवीन मासा आणायचा नाही. ऑफिसात सर्व्हर पडला तर "हरवला" म्हणून आपण नवीन मागवतो का?

आता कारणं बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. दोनशे लिटरला सात किलो. मे महिन्यात खामगावात पारा चाळिशीच्या वर जातो, पाणी उडतं, मीठ मात्र तिथेच राहतं. म्हणजे खारटपणा रोज वाढतो, रोज गोडं पाणी घालून तो सांभाळावा लागतो. वर लाइट गेली की पंप बंद आणि ऑक्सिजन कमी. खऱ्या समुद्रात असले झटके बसत नाहीत, त्यामुळे माशाला त्यांची सवयच नसते.

"आपल्या जिल्ह्यात लोणार आहे की, खारं पाणी काय नवीन?" असा एक विनोद हमखास होतो. पण लोणारचं पाणी सोड्याचं. त्याचा पीएच दहाच्या आसपास, समुद्राचा आठच्या थोडा वर. नुसतं खारट झालं म्हणजे समुद्र होत नाही, साहेब. हेच टाकीलाही लागू.

आणि खरा मुद्दा पुढेच आहे. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे फार्मवर पैदा होतात. समुद्रातले बहुतेक थेट प्रवाळातून धरून आणतात. ‘फाइंडिंग नीमो’ 2003 चा, पण त्यातल्या डोरीच्या जातीची, म्हणजे ब्लू टँगची, बंदिस्त पैदास पहिल्यांदा जमली 2016 साली, फ्लोरिडात. नीमोची जात, क्लाउनफिश, मात्र भारतातल्या हॅचरीतही वाढवतात.

म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा, "हा टाकीत जन्मला की समुद्रातून धरला?" उत्तर नाही मिळालं तर पाकीट खिशात ठेवा. कारण तुमच्या टाकीतून ‘हरवलेला’ मासा समुद्रातून आधीच गेलेला असतो, आणि "दुसरा आणू" म्हणजे तिथून अजून एक कमी.

असो. छंद सोडा असं म्हणत नाही. पण मेला तर मेला म्हणा.