विज्ञानाचे अध्यापन, अध्यापनाचे प्रशिक्षण आणि वर्गाची भाषा

प्राथमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्यास शिक्षणशास्त्राची पदविका लागते, माध्यमिक शाळेत बी.एड. लागते; महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्यास मात्र अध्यापनाची वेगळी अर्हता आवश्यक मानली जात नाही. नेट-सेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनाभिरुचीवर काही प्रश्न असतात, हे खरे; परंतु चार पर्यायांतून एक निवडणे आणि साठ विद्यार्थ्यांपुढे उभे राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, हे या व्यवस्थेमागील गृहीतक आहे. ते कोणी सिद्ध केलेले नाही. केवळ दीर्घकाळ कोणी तपासलेले नाही, एवढेच त्याचे बळ.

हे गृहीतक तपासण्याचे काम गेल्या तीन-चार दशकांत प्रामुख्याने विज्ञानाच्या अध्यापकांनी केले, आणि तेही अमेरिका व कॅनडातील संशोधनप्रधान विद्यापीठांत. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल व गती यांविषयीची एक साधी, आकडेमोड नसलेली चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे द्यायची की मी स्वतः विचार करते त्याप्रमाणे? या एका प्रश्नाने उत्तम व्याख्यात्याच्या वर्गातही दोन समांतर ज्ञाने नांदू शकतात, हे उघड केले. १९९१ पासून माझुर यांनी व्याख्यान मधूनमधून थांबवून, एक प्रश्न देऊन, विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावण्याची पद्धत रूढ केली.

पुढील पुरावा अधिक बोलका आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नोबेल पारितोषिकप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांच्या गटाने केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच अभ्यासक्रमाच्या दोन मोठ्या तुकड्यांपैकी एकीला अनुभवी, विद्यार्थिप्रिय प्राध्यापकाने व्याख्यान पद्धतीने शिकवले. दुसरीला अध्यापनाचा अनुभव अल्प, परंतु नव्या पद्धतींचे प्रशिक्षण असलेल्या पीएच.डी.नंतरच्या संशोधकाने. चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी ४१ टक्के, तर दुसरीची ७४ टक्के भरली. प्रयोग एकाच आठवड्याचा होता, ही त्याची मर्यादा नजरेआड करू नये. तथापि २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२५ अभ्यासांचा एकत्रित पडताळा घेतला, तेव्हाही निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतिशील ठेवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्याचे आढळले.

या पार्श्वभूमीवर पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पीएच.डी.नंतरचे संशोधक यांच्यासाठी तेथे उभ्या राहिलेल्या प्रशिक्षणाकडे पाहिले पाहिजे. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात केंद्र असलेला ‘सर्टल’ हा उपक्रम २००३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने सुरू झाला. आजचा संशोधक हाच उद्याचा प्राध्यापक असल्याने त्याचे प्रशिक्षण नेमणुकीनंतर नव्हे, नेमणुकीपूर्वी व्हावे, ही त्यामागील भूमिका. २०१४ पासून या वर्तुळातील विद्यापीठांनी विज्ञानाच्या पदवीस्तरीय अध्यापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सर्वांना खुला केला. उद्दिष्टे कशी ठरवावीत, विद्यार्थ्यांच्या पूर्वकल्पना कशा ओळखाव्यात, मूल्यमापन शिकण्याचाच भाग कसे व्हावे, असे त्याचे विषय. त्याच्या मुळाशी असलेला विचार मात्र साधा आहे: अध्यापन हाही संशोधनाचाच एक प्रकार मानावा. प्रयोगशाळेत जो पुराव्यावाचून एक विधान करीत नाही, त्याने वर्गातही पुरावा मागावा.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. अभ्यासक्रम पडद्यावर असला, तरी आयोजकांनी पडद्यावर विसंबून राहणे पुरेसे मानले नाही. तोच अभ्यासक्रम घेणाऱ्यांनी आपापल्या विद्यापीठात ठरावीक दिवशी एकत्र जमावे, पाहिलेल्यावर चर्चा करावी, असे छोटे गट त्यांनी प्रोत्साहित केले. माध्यम दूरचे आणि संवाद जवळचा, अशी ही रचना होती.

भारतात या विषयाचा इतिहास अगदीच रिता नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन झाली. उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग हे शब्द त्यांनीच प्राध्यापकांच्या बोलण्यात रुजवले. परंतु हे प्रशिक्षण नेमणुकीनंतरचे, आणि पदोन्नतीशी जोडलेले. त्यामुळे काय शिकलो यापेक्षा प्रमाणपत्र मिळाले का, हा प्रश्न बलवत्तर ठरत गेला. २०२० च्या धोरणाने पीएच.डी.च्या काळातच अध्यापनाचे शिक्षण असावे असे सुचवले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधकाने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे, अशी तरतूद झाली. ‘स्वयम्’सारखी ऑनलाइन व्यवस्था २०१७ पासून उपलब्ध आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीतील संशोधकाला रजा काढून विद्यापीठाच्या गावी तीन-चार आठवडे राहणे अवघड असते. त्याच्या दृष्टीने हे माध्यम उपकारकच म्हटले पाहिजे. साधन आहे, नियम आहे. प्रश्न उरतो तो आशयाचा.

हा आशय केवळ आयात करून भागणार नाही. कारण वर उल्लेखिलेल्या सर्व पद्धतींचा प्राण एकच आहे: विद्यार्थ्याने बोलले पाहिजे. आणि विद्यार्थ्याने बोलायचे, तर कोणत्या भाषेत, हा प्रश्न महाराष्ट्रात टाळता येत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी विज्ञान शाखेत प्रवेश घेतो, तेव्हा एका उन्हाळ्याच्या सुटीत त्याची ज्ञानभाषा बदलते. सेमी-इंग्रजी वर्गांनी हा धक्का काहीसा सौम्य केला असेल. नाहीसा केलेला नाही. बी.एस्सी.च्या वर्गात असा विद्यार्थी गप्प बसतो, आणि त्याच्या मौनाचा अर्थ कधी ‘समजले’ असा, तर कधी ‘याला काही येत नाही’ असा लावला जातो. दोन्ही अर्थ चुकीचे असू शकतात.

एक उदाहरण घेता येईल. डोक्यावर ओझे घेऊन फलाटावर स्तब्ध उभा असलेला हमाल भौतिकशास्त्राच्या अर्थाने कार्य करतो का? इंग्रजीत विचारल्यास विद्यार्थी पाठ केलेली व्याख्या म्हणतो आणि गुण मिळवतो. हाच प्रश्न मराठीत, शेजाऱ्याशी बोलायला सांगून विचारला, तर कोणीतरी म्हणतो, ‘तो घामाघूम झालाय, दमतोय, मग काम कसं करत नाही?’ हे उत्तर चुकीचे असले, तरी शिकण्याची खरी सुरुवात तेथून होते. कारण ‘काम’ आणि ‘कार्य’, ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’, ‘चाल’ आणि ‘वेग’ यांतील अंतर त्या क्षणी विद्यार्थ्यापुढे उभे राहते. ज्या अध्यापकाने हे वाक्य कधी ऐकलेच नाही, तो त्यातील गैरसमज दूर तरी कसा करणार? विज्ञानशिक्षणातील भाषेचा अडसर हा विषय आपल्याकडे अज्ञात नाही. मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने शालेय पातळीवर त्याकडे लक्ष वेधले होते. महाविद्यालयीन पातळीवर मात्र तो अद्याप कोणाचाच विषय नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, पुढील शिक्षण व संशोधन इंग्रजीतच असल्याने मराठीतील चर्चा विद्यार्थ्याचे नुकसान करील. परंतु येथे माध्यम बदलण्याची मागणी नाही. परिभाषा इंग्रजी राहो, परीक्षा इंग्रजीत होवो. विचार मात्र ज्या भाषेत घडतो त्या भाषेत तो घडू द्यावा, आणि मग तो इंग्रजीत मांडायला शिकवावे, इतकेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा. तो खोटा नाही. चर्चेला वेळ लागतो, आणि शिवाय, हार्वर्डमध्येच झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृतिशील वर्गातील विद्यार्थी अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. ओघवत्या व्याख्यानाचे समाधान विद्यार्थ्यालाही सुखावते आणि व्याख्यात्यालाही. परंतु शिकवून संपलेला अभ्यासक्रम आणि शिकून झालेला अभ्यासक्रम यांत निवड करावी लागली, तर ती कोणती असावी याबद्दल दुमत नसावे.

मराठी विभागांचा या प्रश्नाशी संबंध येतो तो येथेच. परिभाषा कोशांत पुष्कळ आहे. वर्गात ती बोलली जाताना तिचे काय होते, याचा अभ्यास नाही. भाषाविज्ञानाचा संशोधक आणि भौतिकशास्त्राचा संशोधक यांनी मिळून एका वर्गातील चर्चेचे ध्वनिमुद्रण ऐकले, त्यातील शब्दांचे अर्थ तपासले, आणि त्यावर आधारित एक ऑनलाइन पाठ मराठीत तयार केला, तर तो २०२२ च्या नियमाच्या चौकटीतच बसणारा उपक्रम ठरेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. दोन विभागांमधील एक जिना चढून जाण्याची तयारी लागते. आणि साहित्याच्या अध्यापकानेही या प्रशिक्षणाबाहेर राहण्याचे कारण नाही. कवितेच्या वर्गातील मौन विज्ञानाच्या वर्गातील मौनापेक्षा कमी खोल नसते.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो तिच्या भूतकाळाचा गौरव आहे. तिचे ज्ञानभाषा म्हणून भवितव्य मात्र बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाच्या वर्गात, मागच्या बाकावरून विचारल्या जाणाऱ्या किंवा गिळल्या जाणाऱ्या एखाद्या प्रश्नावर अवलंबून आहे. तो प्रश्न ऐकू येईल असा अध्यापक घडवणे, हे प्रशिक्षणाचे प्रयोजन ठरावे.