गव्हाला तुल्यवाण, रुग्णाला सलाईन

जयपूरच्या दुर्गापुरा येथील राजस्थान कृषी संशोधन संस्थेने ‘राज ३०७७’सारखे गव्हाचे वाण दिले. असा वाण प्रसारित होण्यापूर्वी अनेक ठिकाणी, अनेक हंगाम, प्रचलित तुल्यवाणाशेजारी पेरून जोखला जातो. व्यसनमुक्तीसाठी शिरेतून अमिनो आम्ले देण्याच्या उपचाराला मात्र एवढीही कसोटी लागलेली नाही. त्याची परिणामकारकता सिद्ध करणारी मोठी नियंत्रित चाचणी उपलब्ध नाही.

त्यामागचा युक्तिवाद मोहक आहे. डोपामिन टायरोसिनपासून व सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून बनते. व्यसनाने ही व्यवस्था बिघडते. म्हणून कच्चा माल थेट रक्तात सोडावा. यातले जीवरसायन खरे, निष्कर्ष घाईचा. रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ही आम्ले एकाच वाहकाच्या आधारे, परस्परांशी स्पर्धा करत ओलांडतात. शिवाय टायरोसिनचे रूपांतर करणाऱ्या विकराला सहसा कच्च्या मालाची टंचाई नसतेच. गिरणीच्या दारात पोती रचल्याने जाते वेगाने फिरत नाही. पण सलाईनच्या बाटलीवर आपल्या समाजाची श्रद्धा जुनी आहे.

गंमत अशी की टॉरिन या अमिनो आम्लाशी रासायनिक नाते सांगणारे, चाचण्यांत उतरलेले औषध आहेच: ॲकाम्प्रोसेटची गोळी. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन आणि अफूजन्य पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिन यांनाही भक्कम आधार आहे. उलट सिस्टीनपासून बनलेल्या एन-ॲसिटिलसिस्टीनने गांजा सोडू पाहणाऱ्या किशोरांच्या २०१२ मधील चाचणीत आशा दाखवली, ती प्रौढांवरील २०१७ च्या मोठ्या चाचणीत टिकली नाही.

धोका केवळ पैशांचा नाही. दारू अचानक सुटली की आकडी व उन्माद जिवावर बेततो. तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालील शामक औषधे हवीत, आणि मेंदूची कायमची हानी टाळण्यासाठी ब-१ जीवनसत्त्व. ‘नैसर्गिक’ बाटलीच्या भरवशावर हे राहून गेले, तर तो उपचार नव्हे, हेळसांड.

एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो. उरलेल्यांची कुटुंबे अशा जाहिरातींची पहिली गिऱ्हाइके. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभारलेल्या मुक्तांगणने समूहोपचार, समुपदेशन आणि पाठपुराव्याचा चिकाटीचा मार्ग धरला. त्याला चमत्काराची झळाळी नाही, म्हणून तो मागे पडतो.

अमिनो आम्लांच्या पुरस्कर्त्यांनी भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद करून खुशाल चाचणी घ्यावी. तोवर रुग्णाकडून शुल्क घेऊ नये.