तळणातून उरलेले तेल : गावाचे काम आणि कारखान्याचे काम

लग्नसराईत व जत्रेच्या दिवसांत गावोगावी मोठमोठ्या कढया चढतात. तळण आटोपल्यावर उरणाऱ्या काळपट तेलाचे काय करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. हे तेल ओढ्यात ओतले जाते, अथवा स्वस्तात विकले जाऊन पुन्हा एखाद्या गरिबाच्या ताटात येते. वारंवार तापविलेल्या तेलात अपायकारक द्रव्ये वाढतात. म्हणूनच ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे.

असे तेल गाळून थेट पंपाच्या इंजिनात घालण्याचा मोह काहींना होतो. सन १९०० च्या पॅरिस येथील प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर इंजिन चालले होते, हे खरे. परंतु वनस्पतिज तेल डिझेलहून पुष्कळ दाट असते. ते नीट फवारले जात नाही व नोझलवर काजळी धरते. मिथेनॉल व कॉस्टिक सोडा यांच्या साहाय्याने त्याचे बायोडिझेल केले म्हणजे हा दाटपणा जातो. शंभर किलो चांगल्या तेलापासून जवळजवळ तितकेच बायोडिझेल व सुमारे दहा किलो ग्लिसरीन मिळते.

मग हा उद्योग गोठ्याशेजारी करावा काय? मुळीच नाही. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असून त्याची ज्योत दिवसा डोळ्यांस दिसतही नाही. तेलात पाणी वा आम्लता असल्यास इंधनाऐवजी साबण तयार होतो. हे काम कारखान्याचेच होय.

गावाचे काम संकलनाचे आहे. तेल थंड करून गाळावे, झाकणाच्या कोरड्या डब्यात साठवावे, त्यात यंत्राचे तेल मिसळू नये आणि अधिकृत संकलकास देऊन पावती घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आचारी, खाणावळी व वसतिगृहे यांना हे समजावून द्यावे. दररोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांस तर त्याची नोंद ठेवणे बंधनकारकच आहे.

२०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. तथापि आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो, हे विसरून चालणार नाही. चांगले तेल जाळणे ही उधळपट्टी ठरेल. शेतकऱ्याने पिकविलेले तेल प्रथम ताटात जावे आणि ताटास निरुपयोगी झालेले तेवढेच इंजिनाकडे जावे, यातच गावाचे व देशाचे हित आहे.